दळवी पेंटर बसला म्हणजे…

मनोहरभाऊ गेल्याची बातमी मला बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर कळली. दुकान नुकतंच उघडलं होतं, एका तसबिरीच्या मापाची काच कापायला घेतली होती आणि बाजूला ठेवलेला फोन सारखा वाजत होता. सकाळी सकाळी फोन असा वाजायला लागला की आमच्याकडे दोनच गोष्टी असतात. एक तर अतिक्रमणवाल्यांची गाडी निघालेली असते, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. बघितलं तर मनोहरभाऊंचा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याखाली हात जोडणाऱ्यांची ही भली मोठी रांग. रांगेत सगळ्यात पहिले हात कुणी जोडलेत ते पाहिलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. काच अर्धी कापून झाली होती. ती पूर्ण केली, शटर ओढलं आणि त्यांच्या घरी गेले.

आज त्याला काही आठवडे झाले. एवढ्या दिवसांत त्यांच्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं, छापूनही आलं. लोणावळ्याचे चित्रकार, मावळचा वारसा जपणारा कलावंत… असं बरंच काही. आपणही त्यात भर घालावी असं मला वाटत नव्हतं. पण जी गोष्ट बाजारातल्या प्रत्येकाला माहीत आहे, तेवढीच नेमकी कुणी बोलत नाही, हे मी रोज बघत होते. म्हणून लिहायला बसले आहे. माझं लिहिणं गोड होणार नाही, हे आधीच सांगते.

मी शमीम. लोणावळ्याच्या बाजारात आमचं फ्रेमांचं दुकान आहे. देवाच्या तसबिरी, मक्का-मदिनेचे फोटो, लग्नातले फोटो, मुलांची सर्टिफिकेटं आणि मधूनमधून एखादं चित्र. दुकान माझ्या मिस्टरांनी, रफिकनी सुरू केलं आणि मनोहर दळवी त्यांचे दोस्त. रफिक अचानक गेले तेव्हा दुकान विकून टाका असं सांगणारे खूप आले. मी ते चालवायला घेतलं त्या पहिल्या आठवड्यात काम घेऊन आले ते एकटे मनोहरभाऊ. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. चित्र काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “भाभी, चित्राभोवतीचा माउंट पांढराफेक नको, दुधी लावा.” त्यानंतर त्यांचं प्रत्येक चित्र माझ्या हाताखालून गेलं.

ते मूळचे कामशेतच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पुण्यात चित्रकला शिकले. पुढे नोकरी मिळाली नाही की त्यांनीच केली नाही, हे मला नीट कधी कळलं नाही, कारण लहर लागेल तसं ते दोन्ही सांगायचे. सुरुवातीला लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. त्यानंतर ते घरं काढायला लागले. बाजारातल्या माडीच्या इमारती, पत्र्याच्या उतरत्या छपरांचे बंगले, स्टेशनमागच्या रेल्वेच्या चाळी, आसपासच्या खेड्यांतली कौलारू घरं. फोटोवरून कधी काढलं नाही. जुन्या स्कूटरला घडीचं स्टूल आणि पिशवी अडकवायची, घरासमोर जाऊन बसायचं आणि जागेवरच जलरंगात पुरं करायचं, अशी त्यांची पद्धत. बसायच्या आधी मात्र घरात जायचे. विचारायचे, चहा घ्यायचे, कोण कुठे झोपतं, कुठलं दार उघडत नाही, हेसुद्धा त्यांना कळायचं. चित्रात त्यातलं काही दिसत नसे, पण असं केल्याशिवाय त्यांचा हात चालत नसे.

त्यांची चित्रं विकत घेणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे, शनिवार-रविवारचे बंगलेवाले. त्यांची एक तक्रार ठरलेली असे. चित्र छान आहे, पण या विजेच्या तारा, ही काळी टाकी, ही डिशची छत्री काढून टाका ना. एका बाईंना ते माझ्यासमोर म्हणाले, “तारा काढल्या तर घरात उजेड कुठून येईल?” बाई हसल्या आणि चित्र न घेता गेल्या. मला त्यांचा तो हट्ट आवडायचा. त्यांच्या पत्नीला, मालतीवहिनींना, आवडायचा नाही. त्या एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या आणि घर बव्हंशी त्यांच्यावरच चालत होतं. आज सगळे मनोहरभाऊंच्या साधेपणाबद्दल बोलतात. त्या साधेपणासाठी पहाटे उठून शाळेतल्या पोरांच्या पोळ्या कोण लाटत होतं, ते कुणी विचारत नाही.

त्या काळात लोणावळ्यातली जुनी घरं एकामागून एक पाडली जात होती. कारण साधं होतं, जागेला भाव आला होता. घर विकायचं ठरलं की त्या घरातल्या कुणाला तरी, बहुतेक वेळा लग्न होऊन लांब गेलेल्या मुलीला, वाटायचं की आठवण म्हणून एखादं चित्र असावं. मग मनोहरभाऊंना निरोप यायचा. ते जायचे, चित्र काढायचे, मी फ्रेम करून द्यायचे आणि थोड्याच दिवसांत तिथे जेसीबी उभा असायचा. सौदा आधी झालेला असे, चित्र नंतरचं. पण सौदा घराच्या आत होतो आणि चित्र भर रस्त्यावर बसून काढलं जातं. बाजाराला दिसायचं ते एवढंच, की दळवी पेंटर घरासमोर बसला आणि घर गेलं.

आमच्या समोर चिक्कीचं जुनं दुकान आहे. त्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. माणूस बोलायला मिठ्ठास. त्यांनी एकदा गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या देखत विनोद केला, “दळवी पेंटर बसला म्हणजे जेसीबी निघाला.” मनोहरभाऊ तिथेच होते, तेही हसले. विनोद चांगलाच होता, म्हणून तो बाजारभर फिरला. फिरता फिरता त्यातलं हसू कधी गळून पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस मनोहरभाऊ समोरच्या, काकांच्या ओळीतल्या दुकानांचं चित्र काढायला बसले. काका कागदावर चिक्कीचे दोन तुकडे घेऊन आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “दळवी, आमच्या मुलीचं लग्न ठरतंय. सध्या नको.” मनोहरभाऊंनी चिक्की घेतली, स्टूल मिटलं आणि माझ्या दुकानात येऊन बसले. चिक्की त्यांनी खाल्ली नाही. काउंटरवर ती तशीच राहिली.

मग ते वाढतच गेलं. एका बंगल्याच्या माळ्याने ते उठून गेल्यावर त्या जागी पाणी शिंपडलं. कुणीतरी त्यांच्या स्टुलाकडे तोंड करून फाटकाला लिंबू-मिरची बांधली. एका घरातली म्हातारी खिडकीतून हात जोडून त्यांना जा म्हणाली. आधी हे सगळं ते मला दुकानात येऊन हसत हसत सांगायचे, नकला करून दाखवायचे. मग सांगेनासे झाले. मालतीवहिनींकडून कळायचं, की सकाळी स्टूल घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी कोरा कागद घेऊन परत येतात.

अशा वेळी शेठ आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, मला याच गावात राहायचं आहे. जागांचे व्यवहार करायचे, अजूनही करतात. ते स्वतः चालत माझ्या दुकानात आले, कारण मनोहरभाऊ बहुतेक वेळा तिथेच भेटतात हे त्यांना ठाऊक होतं. जवळच्या कुरवंडे गावातल्या एका घराचं चित्र त्यांना ऑफिसात लावायला हवं होतं. घर त्यांनी नेमकं सांगितलं, नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं हौसाबाईंचं घर. मागतील तेवढे पैसे द्यायला तयार होते. जाताना म्हणाले, “दोन-तीन दिवस आरामात बसा. आणि समोरच बसा, रस्त्यावरून दिसाल असे.” त्या वाक्यात काय होतं ते तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं नाही. कित्येक महिन्यांनी कुणीतरी आपल्याला बोलावतंय, एवढ्यानेच मनोहरभाऊंचा चेहरा उजळला होता.

हौसाबाई म्हणजे नागफणीला येणाऱ्या पर्यटकांना भाजलेली कणसं विकणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला मुलगा शेती आणि रिक्षा बघायचा, धाकटा देहूरोडला लष्करी डेपोत नोकरीला. घर आणि मागची जमीन बाईच्या नावावर होती. ती जमीन शेठना हवी होती, माणसं पाठवून झाली होती आणि बाईने प्रत्येकाला चहा पाजून परत पाठवलं होतं. मुलं कधी हो म्हणायची कधी नाही, पण आईला डावलून काही करायची त्यांची छाती नव्हती. ही सगळी माहिती आम्हाला नंतर मिळाली.

पहिल्या दिवशी मनोहरभाऊ गेले तेव्हा हौसाबाई कणसांच्या हातगाडीवर होत्या. थोरल्या सुनेने पाणी दिलं, बसा म्हणाली. ते समोर बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, की लोणावळ्याचा तो पेंटर हौसाबाईच्या घरासमोर बसलाय. दुसऱ्या दिवशी बाई हातगाडीवर गेल्याच नाहीत. ओट्यावर येऊन बसल्या, त्यांच्याकडे तोंड करून. पुढचं मला मनोहरभाऊंनी सांगितलं, एकदाच नाही, इतक्या वेळा, की मला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

“कुनी धाडलं तुला?” बाईंनी विचारलं.

त्यांनी शेठचं नाव घेतलं.

“मंजी इकलं म्हन की.” बाई म्हणाल्या, “थोरल्यानं का धाकल्यानं? तेवढं सांग.”

मनोहरभाऊंनी शपथ घेऊन सांगितलं, की मावशी, मला यातलं काही माहीत नाही, मला फक्त चित्र काढायला सांगितलंय. बाईंना वाटलं, हा माणूस भिडेखातर लपवतोय. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं. काढ मग.” आणि तशाच बसून राहिल्या.

“भाभी, तेव्हाच उठायला पाहिजे होतं,” मनोहरभाऊ मला म्हणायचे. “काहीतरी बिनसलंय हे कळत होतं मला. पण ऊन इतकं सुंदर आलं होतं… कौलांवर, ओट्यावर, तिच्या अंगावर. असं ऊन पुन्हा मिळालं नसतं. मी मान खाली घातली आणि तिलाही चित्रात घेतलं.”

तिसऱ्या दिवशी चित्र पुरं झालं. त्या तीन दिवसांत घरात काय झालं ते असं. आईने दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. दोघंही खरं बोलत होते, पण पेंटर दारात बसला होता, म्हणजे कुणीतरी शेठकडून चोरून आगाऊ पैसे घेऊन सौदा केलेला आहे, यात कुणालाच शंका नव्हती. मग खोटं कोण बोलतंय एवढाच प्रश्न उरला. थोरल्याला वाटलं धाकट्याने, धाकट्याला वाटलं थोरल्याने. देहूरोडहून रजा काढून आलेल्या धाकट्याने अंगणात भावाची गचांडी धरली, बायका मध्ये पडल्या. हौसाबाईंनी ते पाहिलं आणि ठरवून टाकलं. एकाने चोरून खाण्यापेक्षा आपणच उघड विकावं, दोघांना सारखं वाटून द्यावं, म्हणजे भाऊ तरी भाऊ राहतील. त्यांनी शेठना निरोप धाडला. त्याच आठवड्यात अंगठा झाला. आधी कुणीच काही विकलेलं नव्हतं की आगाऊ घेतलेलं नव्हतं, हे अंगठा झाल्यावर, कागद वाचून दाखवले जात असताना त्यांच्या लक्षात आलं.

इकडे माझ्या दुकानात ते चित्र फ्रेम होत होतं. मी त्यांची इतकी चित्रं हाताळली, पण तसं दुसरं नाही. घर, गोठा, वरून गेलेली वायर, पत्र्याखाली रचलेली लाकडं, आणि ओट्यावर लुगड्याचा पदर आवळून बसलेली बाई, थेट बघणाऱ्याकडे बघणारी. फ्रेम झाल्यावर मनोहरभाऊ ते स्कूटरवर पुढे धरून शेठच्या ऑफिसात घेऊन गेले. तासाभरात परत आले, चित्रासकट. फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बाकावर बसले. मी विचारलं, पसंत नाही पडलं का?

“त्यांनी बघितलंच नाही,” ते म्हणाले. “म्हणाले, राहू द्या तुमच्याकडेच. माझं काम झालं. तुम्ही तिथं बसलात तेवढं पुरे होतं.”

हे वाक्य त्यांनी अगदी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून सांगितलं. शेठला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. उलट, आपली हुशारी कुणाला तरी सांगायला मिळाली याचा आनंदच असणार. मनोहरभाऊंच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र कुणाला नकोच होतं. हवं होतं ते त्यांचं स्टूल.

त्यानंतर काही दिवसांनी हौसाबाई दुकानात आल्या. बँकेच्या कामाला लोणावळ्यात आल्या होत्या, हातात कापडी पिशवी होती. मनोहरभाऊ बाकावर होते, ते उठून उभे राहिले. बाईंनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाल्या, चित्र बघायचंय. मी फ्रेम आणून काउंटरवर उभी केली. त्या खूप वेळ बघत होत्या. बोटाने काचेवरून वायर कुठून कुठे जाते ते बघितलं, गोठ्याचं दार बघितलं. स्वतःकडे मात्र एकदाच नजर टाकली.

मनोहरभाऊ बोलायला लागले, मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो… बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

“तुला ठावं न्हवतं, ह्ये मला पटतंय,” त्या म्हणाल्या. “पर एवढी घरं पडलीत हितं. ह्यो मानूस माजंच घर का मागतोय, येवढं तरी इच्यारायचं व्हतंस त्याला. तू इच्यारलं न्हाईस. मी समूर बसून तुला इच्यारत व्हते, तवाबी तू खाली मान घालून रंगवतच व्हतास.”

मग बाई शांतपणे म्हणाल्या, “पोरं म्हनत्यात, पेंटर आला आन् घर गेलं. मी तसं म्हनत न्हाई. घर मी इकलंय. अंगठा माजा हाय.”

साऱ्या गावात, शिकल्यासवरलेल्या बंगलेवाल्यांसकट, ही एकच बाई होती जिने त्यांना अपशकुनी म्हटलं नाही. आणि तिचंच बोलणं त्यांना सगळ्यात जास्त लागलं. चित्र घेऊन जा, असं त्यांनी कसंबसं म्हटलं. बाई पायऱ्या उतरत होत्या. मागे वळून म्हणाल्या, “मला कशाला? मला पाठ हाय.”

त्या दिवसानंतर मनोहरभाऊंनी घर काढलं नाही. एकही नाही. चित्र तेवढं माझ्याकडे ठेवून गेले, घरी न्यायला तयार झाले नाहीत. पुढची सगळी वर्षं मिळेल ते काम केलं. मिठाईच्या खोक्यांवरचे डोंगर, लग्नाच्या स्टेजमागचे पडदे, बालवाडीच्या भिंतीवरचे ससे. रिसॉर्टांमध्ये फोटो काढण्यासाठी भिंतीवर मोठे पंख रंगवायची टूम निघाली तेव्हा ते पंख रंगवायला लागले. सुट्टीच्या दिवशी रांग लावून माणसं त्या पंखांच्या मध्ये उभी राहतात आणि फोटो काढून निघून जातात. पंख कुणी काढले हे विचारायला कुणी थांबत नाही. मालतीवहिनींच्या मते त्या काळात घरात पैसे बरे यायला लागले होते. पण त्या असंही म्हणायच्या, की आधी हा माणूस चिडायचा, भांडायचा, आता नुसता हो म्हणतो, आणि हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. एकदा मी त्यांना म्हटलं, माझ्या दुकानाचं चित्र काढा. समोर, रस्त्यावर, काकांच्या चिक्कीच्या दुकानापाशी स्टूल टाका, बघू कोण उठवतंय. ते नाही म्हणाले. मला वाटलं लोकांना भितात. पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमच्या दुकानाला काही झालं तर, भाभी?”

गावाने त्यांना अपशकुनी ठरवलं याचं मला फारसं नवल नाही. गावाला आपला हावरेपणा दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारायचा होता. घरं विकणारे आपण, पैसे मोजणारे आपण, पण नाव त्याचं, हे सोयीचं होतं. पण मनोहरभाऊ शिकलेले होते, सौदा आधी होतो आणि चित्र नंतर निघतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी गावाचं म्हणणं मानलं. हौसाबाईंनी ज्याचा जाब विचारला होता ती गोष्ट वेगळी होती. त्यांनी विचारलं होतं, तू का नाही विचारलंस. या प्रश्नाला तोंड देण्यापेक्षा आपण अपशकुनी आहोत असं मानणं त्यांना सोपं गेलं असावं… मी हे त्यांच्या तोंडावर बोलले होते, म्हणून इथेही लिहिते. ते त्यावर नुसतं “असेल” म्हणाले.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. फुप्फुसं कामातून गेली होती, दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. भाड्याच्या दोन खोल्या, खिडकीसमोर नवीन इमारतीची मागची बाजू, तिच्या पाइपांवर बसलेली कबुतरं. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, हौसाबाईंचं काही कळतं का? मी सांगितलं, की देहूरोडला धाकट्याकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर, फारशा खाली उतरत नाहीत. भाऊ-भाऊ अजून बोलत नाहीत, हे मी सांगितलं नाही. ते छताकडे बघत होते.

“तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या,” ते म्हणाले.

गेल्यानंतर मात्र गाव त्यांच्याबाबत एकदम उदार झालं. ग्रुपवर पहिले हात काकांनी जोडले होते, हे एव्हाना वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. दहाव्याला तेच काका माझ्या दुकानात आले. त्यांचंही दुकान आता जाणार आहे, तिथे मजले चढायचे आहेत, मुलांनी व्यवहार केलाय. जरा वेळ घुटमळले, मग म्हणाले, शमीमभाभी, दळवींनी कधी आमच्या दुकानाचं चित्र काढलं होतं का? मुलगी म्हणतेय, आठवण म्हणून पाहिजे. मी म्हटलं, काढायला बसले होते काका, तुम्ही चिक्की देऊन उठवलंत. ते थोडं हसले. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. सगळ्यात वाईट मला त्याचंच वाटलं.

शोकसभा एका हॉलमध्ये झाली. अध्यक्षस्थानी शेठ होते. त्यांनी हार घातला, डोळे पुसले, बोललेही छान. आपल्या नव्या प्रकल्पात दळवींच्या नावाचं कलादालन करणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं, टाळ्या झाल्या. मालतीवहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. दोन दिवसांनी शेठचा माणूस माझ्याकडे आला. कलादालनात मधोमध लावायला त्यांना कुरवंड्याच्या घराचं चित्र हवं होतं, मूळ मालकी शेठचीच आहे असंही तो म्हणाला. मी त्याला सांगितलं, की शेठनी ते बघितलंसुद्धा नव्हतं, आणि मी देणार नाही. तो म्हणाला, ताई, विचार करा. मी म्हटलं, केला.

हौसाबाईंना मी फोनवर कळवलं. मुलाने फोन स्पीकरवर लावून दिला असावा, कारण मागून टीव्हीचा आवाज येत होता. मनोहर दळवी गेले, एवढं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्याचं सोताचं घर व्हतं का गं?”

मी म्हटलं, नव्हतं. भाड्याने राहायचे, शेवटपर्यंत.

“व्हय?” त्या म्हणाल्या. “मंग त्याला कसं ठावं आसंल…” त्यांनी माफ केलं की आणखी काही, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

चित्र इतकी वर्षं आतल्या खोलीत, कापडात गुंडाळलेलं होतं. आता मी ते दुकानात दर्शनी भिंतीवर लावलंय, मुद्दाम, रस्त्यावरून दिसेल असं. मालतीवहिनी कामावरून घरी जाताना पायरीवर क्षणभर थांबतात, आत येत नाहीत. पर्यटक मात्र येतात. चिक्कीच्या पिशव्या हातात असतात, चित्रासमोर उभे राहतात, फोटो घेतात, किंमत विचारतात. विकायचं नाही म्हटलं की जरा हिरमुसतात. परवा पुण्याचं एक जोडपं आलं होतं. मुलीने चित्र जवळून पाहिलं, ओट्यावर बसलेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, किती शांत वाटतंय ना हे. मग मला विचारलं, काकू, हे कुठे आहे? होमस्टे आहे का? बुकिंग कुणाकडे करायचं?

मी हातातली फ्रेमची पट्टी खाली ठेवली आणि तिला म्हटलं, “नाही. हौसाबाईंचं घर आहे ते.”